तोच कोपरा, दुसऱ्यांदा: जुन्या ट्रकच्या पुढच्या काचेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी 2009 सालची, टाटा 1613, सहा टायरी. मालक निफाड तालुक्यातले. गाडी त्यांनी सेकंड हँड घेतलेली, कर्ज कधीच फिटलेलं. उन्हाळ कांद्याच्या हंगामात लासलगाव-पिंपळगावहून वाशी मार्केट आणि परतीला मिळेल तो माल, हा तिचा ठरलेला रस्ता. कसारा घाट जाता-येता लागतोच. मालकांच्या दोन गाड्यांचे कागद आणि हिशेब माझ्याकडे असतात, त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून डोळ्यासमोर घडलं. नावं आणि नंबर गाळले आहेत. प्रसंग गाडी 14 वर्षांची असतानाचा.

या गाडीबद्दल दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. त्या काळी असे ट्रक बऱ्याचदा नुसते 'काउल' म्हणून विकले जायचे. इंजिन, चेसिस आणि पुढचा पत्रा काचेसकट कंपनीचा. केबिनच्या बाजू, छप्पर आणि मागची बॉडी बॉडीबिल्डरची. म्हणजे पुढच्या काचेची फ्रेम एका ठिकाणी बनलेली आणि तिला जोडलेली केबिन दुसऱ्या ठिकाणी. हा जोड वर्षानुवर्षं खड्ड्यांत हलत राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे काच बसवण्याची पद्धत. आजच्या कारची पुढची काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने पत्र्याला चिकटवलेली असते, आणि गोंद वाळेपर्यंत गाडी जागची हलवायची नसते. या ट्रकची काच जाड रबरात धरलेली. रबराला दोन खाचा असतात. एका खाचेत काच, दुसरीत फ्रेमची पत्र्याची कड. त्यामुळे काचेबद्दलचे कारवाल्यांचे निम्मे सल्ले इथे लागू पडत नाहीत. मालकांच्या भाच्याने मोबाइलवर बघून "एक दिवस गाडी हलवायची नाही" म्हणून बराच आग्रह धरला होता. रबरातल्या काचेला ती अट नाही.

अडचण

एप्रिलमध्ये घोटीच्या अलीकडे पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, काचेत स्टार पडला. रुपयाच्या नाण्याहून लहान, मधे खळगा आणि भोवती तीन-चार बारीक पाय. चालकाने त्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावली, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. अगदी योग्य केलं. हंगाम जोरात होता, गाडी दोन तास थांबवायचीही कुणाची तयारी नव्हती, म्हणून स्टार तसाच राहिला.

पुढच्या काही खेपांत त्याच बाजूला लांब तडा दिसू लागला. सकाळी वीतभर, घाट उतरून आल्यावर हातभर. सगळ्यांनी एकच अर्थ लावला, की स्टार पसरला. चालक म्हणाला, "शेठ, दिवसा चालून जातंय. पण रात्री समोरून लाइट आला की त्या रेषेवर फुटतो, काही दिसत नाही." वायपरच्या झिजलेल्या पट्टीने काचेवर आधीच अर्धगोल ओरखडे होते. तडा आणि ओरखडे मिळून समोरच्या हेडलाइटची चांगली मोठी पांढरी झालर तयार होत होती. घाटातल्या वळणांवर हे किती वाईट, ते रात्रीची गाडी चालवलेल्याला वेगळं सांगायला नको.

त्यात जूनमध्ये पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दर वर्षी काढावं लागतं. तडा गेलेली काच घेऊन आरटीओच्या मैदानात जाणं म्हणजे परत पाठवण्याची सोय आपणच करून देणं. असुरक्षित स्थितीतली गाडी रस्त्यावर चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 190 आहे ते वेगळंच.

तडा नेमका कुठून निघाला

आडगाव नाक्याकडच्या काचवाल्या मिस्त्रींना, म्हणजे चाचांना, गाडी दाखवली. इथे या प्रकरणाला पहिलं वळण मिळालं. चाचांनी चिकटपट्टी काढली, नखाने तडा शेवटपर्यंत चाचपला आणि म्हणाले, "हा स्टारचा नाही." खरोखरच तडा स्टारला शिवतच नव्हता. तो खालच्या डाव्या कोपऱ्यात, रबराच्या आतून निघाला होता आणि स्टारपासून चार बोटं अंतर ठेवून वर गेला होता. मग त्यांनी आतून, डॅशबोर्डवर वाकून, तीच रेषा चाचपली. नख आतही अडकत होतं.

याचा अर्थ समजून घ्यायला हवा. पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मधे पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा, साधारण पाऊण मिलिमीटर जाड. खडा लागतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच दुखावते आणि नख फक्त बाहेर अडकतं. कडेपासून निघालेला, दोन्ही काचांतून गेलेला तडा सहसा ताणाचा असतो. कुठेतरी फ्रेम काचेला दाबते किंवा पिळते, आणि उन्हाने तापलेल्या काचेवर थंड पाण्याची बादली पडली किंवा एखादा खड्डा जोरात बसला, की कडेच्या बारीकशा टवक्यातून तडा धावतो.

तेवढ्यात चालकाला आठवलं, की याआधीची पुढची काचही याच कोपऱ्यातून तडकली होती. तीन वर्षांपूर्वी. तेव्हा रस्त्याकडेच्या दुसऱ्या दुकानात दोन तासांत नवी बसवून गाडी पुढे काढली होती आणि खडी लागली असेल म्हणून विषय संपला होता.

विचारात घेतलेले पर्याय

*पासिंगपर्यंत तसंच चालवणं.* मालकांचा पहिला कल इकडेच होता. हंगामातली एक खेप चुकली की भाडं जातं आणि हुंडेकरी, म्हणजे माल मिळवून देणारा दलाल, दुसरी गाडी बघतो. पण चालकाने रात्री घाट उतरायला नकार दिला. मला तो नकार रास्त वाटला आणि मी तसं बोललोही. दिवसाच गाडी चालवायची तर वाशीच्या पहाटेच्या बाजाराची वेळच गाठता येत नाही.

*रेझिन भरणं.* खळग्यातली हवा ओढून त्यात पातळ रेझिन सोडतात आणि अतिनील दिव्याखाली ते कडक करतात. खर्च काही शेकड्यांत. लहान स्टारला हा उत्तम इलाज आहे. मात्र तो चालकाच्या थेट नजरेसमोर नसावा, कडेपासून दूर असावा, त्यात धूळ-पाणी गेलेलं नसावं आणि आतली काच शाबूत असावी. आमचा स्टार या सगळ्या अटींत बसत होता, तडा एकाही अटीत नाही. स्टार भरून उपयोग काय, काच तर कोपऱ्यातून गेली होती.

*भंगारातली काच.* अठराशे रुपयांत मिळत होती. जुन्या काचेवर वायपरचे ओरखडे असतातच, आणि रबरातून उपसून काढताना कडेला टवके उडालेले असू शकतात. ते रबराखाली झाकले जातात म्हणून दिसत नाहीत. जी काच कडेतूनच तडकते तिच्या जागी कडा शंकास्पद असलेली काच घालणं मला पटलं नाही.

*बिनशिक्क्याची नवी काच.* चौतीसशे रुपये, "सेम टू सेम" या हमीसह. कोपऱ्यात मानकाचा शिक्का वगैरे काहीच कोरलेलं नव्हतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 100 प्रमाणे या वयाच्या गाडीला पुढे लॅमिनेटेड सुरक्षा काचच लागते, आणि वाहनांच्या सुरक्षा काचेचं मानक आहे आयएस 2553, भाग 2. बाजूच्या खिडक्यांना चालणारी टफन्ड काच फुटली की क्षणात सगळीचे दाणे होतात. पुढची काच अशी घाटात फुटली तर समोर एकतर काहीच दिसत नाही, नाहीतर काचच उरत नाही. लॅमिनेटेड काच फुटली तरी मधल्या पापुद्र्याला चिकटून जागेवर राहते. आम्हाला दाखवलेली काच कुठल्या जातीची होती हे दुकानदार छातीठोकपणे सांगेना, म्हणून ती तिथेच ठेवली.

*शिक्क्याची नवी लॅमिनेटेड काच.* बावन्नशे. नवं रबर अकराशे, बसवणावळ आठशे.

*विमा.* पॉलिसी सर्वसमावेशक होती, त्यामुळे क्लेम करावा असं मालकांच्या मनात होतं. यावर मी बसून आकडेमोड केली. वाहन विम्यात काचेच्या भागाला घसारा लागत नाही, रबर-प्लॅस्टिकला 50 टक्के लागतो. म्हणजे काचेचे 5,200, रबराचे 550 आणि मजुरीचे 800 मिळून 6,550, आणि त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे मालकाने स्वतः सोसायची रक्कम, जाणार. गंजामुळे झालेलं काम विम्यात धरतच नाहीत. आता दुसरी बाजू. गाडीला 35 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, चालू होता. तो 20, 25, 35, 45, 50 अशा पायऱ्यांनी वाढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. क्लेम न करता चालत राहिलो तर पुढच्या वर्षी 45 आणि त्यानंतर 50 टक्के. क्लेम केला तर 0, 20, 25, 35, 45. पाच वर्षांतला फरक अनुक्रमे 45, 30, 25, 15 आणि 5, बेरीज 120 टक्के. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरता, हप्ता सहा हजारांच्या आसपास. गाडीची किंमत घटेल तसा तो कमी होईल हे धरूनही बोनसचं नुकसान क्लेमच्या रकमेला जवळजवळ गिळून टाकत होतं, वर विमा कंपनीच्या सर्व्हेअरची वाट बघताना गाडी उभी राहणार ती वेगळी. मालकांनी कागद हातात घेऊन बेरीज दोनदा तपासली आणि विम्याचा विषय बंद केला.

मुख्य निर्णय: आधी रबर, मग काच

चाचांचा नेहमीचा शिरस्ता म्हणजे काच आणायची, जुनी काढायची, नवी घालायची. मालक म्हणाले, "चाचा, मागचीपण इथूनच गेली होती. नवी घातली आणि तीपण गेली तर?" चाचा थोडं थांबले. "मग आधी रबर काढून बघू. काच कधीपण मिळेल."

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला खरा निर्णय हाच. एरवी सगळा खल काच कोणती, कितीला आणि कुठून यावरच झाला असता. काच विकत घेण्याआधी फ्रेम उघडायची ठरल्यामुळे प्रश्नच बदलला. त्याची किंमतही होती. रबर कापलं की गाडी उभीच राहणार, आणि आत काय निघेल त्यावर ती किती दिवस उभी राहणार हे ठरणार. मालकांनी त्या आठवड्यातलं भाडं दुसऱ्या गाडीवर ढकललं.

रबर सुरीने कापून काच आतून पायाने हळूहळू रेटत बाहेर काढली. खालच्या डाव्या कोपऱ्यात फ्रेमची कड उरलीच नव्हती म्हणा ना. बोटभर रुंद, वीतभर लांब पत्रा गंजून पापुद्रे सुटलेला, आणि त्यावर मागच्या मिस्त्रीने एम-सीलचा गोळा थापलेला. तो दगडासारखा कडक झाला होता. काचेची कड रबरात तरंगती राहायला हवी. इथे ती रबराच्या पातळ थरापलीकडे थेट त्या गोळ्यावर टेकली होती. केबिन हलली की कोपरा गोळ्यावर आपटत होता. काढलेल्या काचेच्या कडेला नेमका त्याच जागी टवका होता आणि तडा तिथूनच सुरू झाला होता.

पाणी तिथेच का साचत होतं? जुनं रबर आकसून त्याचा जोड खालच्या बाजूला अर्धा इंच उघडा पडला होता. पावसाळ्यात पाणी त्यातून आत जायचं आणि उताराने डाव्या कोपऱ्यात मुरायचं. केबिन थोडी डावीकडे कललेली होती, आणि ती का कलते हे बघताना डाव्या बाजूचं केबिनचं माउंटिंग रबर, म्हणजे केबिन ज्यावर टेकते ते रबर, पूर्ण चेपलेलं सापडलं. एका काचेपायी एवढं सगळं उकरावं लागलं.

प्रत्यक्ष काम

डेंटरने, म्हणजे पत्राकाम करणाऱ्याने, आधी बॅटरीची तार सोडली, डॅशबोर्डची वायरिंग बाजूला बांधली, ओलं गोणपाट टाकलं आणि मगच गॅस पेटवला. नुसता गंज खरवडून वर पुटी मारायचा पर्याय त्याने सुचवला होता, निम्म्या पैशांत आणि त्याच दिवशी. तीन वर्षांपूर्वी तेच झालं होतं, त्यामुळे नको म्हणायला वेळ लागला नाही. सडलेली कड चांगला पत्रा लागेपर्यंत कापली, त्याच जाडीची पट्टी वाकवून जोडली, वेल्डिंगचे गोळे घासून सपाट केले. चाचांनी कडेवरून बोट फिरवून दोन ठिकाणी पुन्हा घासायला लावलं. मग रेड ऑक्साइड आणि रंग, आणि रात्रभर वाळू दिलं. त्या वेळात माउंटिंग रबर बदलून झालं.

नवी काच दुकानातून उचलण्याआधी जुनी तिच्यावर ठेवून वाक जुळतो का ते पाहिलं. जुन्या गाडीच्या बाबतीत हे करावंच, एकाच मॉडेलच्या नावाखाली थोड्या वेगळ्या वाकाच्या काचा बाजारात असतात, आणि जबरदस्तीने बसवलेली काच म्हणजे पुन्हा ताण.

बसवणं बघण्यासारखं होतं. रबर काचेभोवती चढवलं. मापापेक्षा बोटभर लांब कापलेलं, म्हणजे पुढे आकसलं तरी जोड उघडणार नाही. पत्र्याच्या खाचेत सगळीकडून नायलॉनची दोरी भरली आणि तिची दोन्ही टोकं खाली मध्यावर, केबिनच्या आत सोडली. खाचेत साबणाचं पाणी. शेजारच्या पोराने ग्रीस पुढे केलं तेव्हा चाचांनी त्याला झापलं, ग्रीसने रबर फुगतं आणि सैल पडतं. दोघांनी बाहेरून काच फ्रेमवर टेकवली. चाचा आत बसून दोरीचं एक टोक काचेला समांतर ओढू लागले, आणि जिथे दोरी निघत होती तिथे बाहेरचा माणूस तळहाताने थाप मारत होता. दोरीबरोबर रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येत गेला. कोपऱ्यांवर ओढ अगदी हळू. नव्या काचा बसवताना फुटतात त्या बहुतेक इथेच. शेवटी ओठाखाली लवचीक सीलंटची बारीक धार आणि पाइपने पाणी मारून तपासणी.

परिणाम

एकूण खर्च 11,000 रुपये. काच 5,200, रबर 1,100, डेंटर 2,500, माउंटिंग 1,400, बसवणावळ 800. नुसती काच बदलली असती तर 7,100 मध्ये भागलं असतं. गाडी तिसऱ्या दिवशी बाहेर पडली.

जूनचं पासिंग काचेवरून अडलं नाही. वरचा देवाच्या नावाचा रुंद स्टिकर मात्र काढावा लागला. पुढच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आत यायला हवा आणि चालकाची नजर मोकळी राहायला हवी, त्यात स्टिकरची पट्टी फारच खाली आली होती. चालक त्यावर नाराज होता. नाव मग छपराच्या पाटीवर रंगवून घेतलं.

जुलैमध्ये घाटातल्या पावसात उजवीकडे वरून थेंब येऊ लागले. तिथे सीलंट तुटक बसलं होतं. पुन्हा धार सोडल्यावर थांबलं. डावा कोपरा त्या पावसाळ्यात कोरडा राहिला. वर्ष उलटून गेल्यावरही काच शाबूत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

स्टार पडला त्याच दिवशी गाडी मिस्त्रीला दाखवली असती तर कदाचित कोपऱ्यातला तडा वीतभर असतानाच दिसला असता. पण काच वाचली नसती. एप्रिलमध्ये लगेच रेझिन भरलं असतं तर उलट ते शेकडे वायाच गेले असते. त्यामुळे चालढकलीबद्दल मालकांना फार दोष द्यावा असं मला वाटत नाही. रात्रीच्या दोन-तीन खेपा तशाच केल्या, तेवढं मात्र टाळता आलं असतं.

खरी संधी तीन वर्षांपूर्वी होती. तेव्हा कोपऱ्यातला गंज नुकताच धरत असणार आणि नुसतं घासून, प्रायमर मारून काम झालं असतं. रबर काढलेल्या अवस्थेत फ्रेमचे दोन फोटो काढून ठेवले असते तरी या वेळी अंदाज बांधता आला असता. आता आम्ही दोन्ही गाड्यांचे असे फोटो ठेवतो, काचेवरच्या शिक्क्याच्या फोटोसकट.

वाद उरला तो कामाच्या वेळेवरून. मालकांचं म्हणणं, हे सगळं जुलैत, कांद्याची गर्दी ओसरल्यावर करता आलं असतं. चाचांचं म्हणणं, पावसात रंग वाळत नाही आणि ओल्या पत्र्यावर प्रायमर धरत नाही, असलं काम उन्हाळ्यातच उरकायचं. मी चाचांच्या बाजूचा आहे. उजव्या बाजूचं माउंटिंग रबर मात्र तेव्हा "अजून चालेल" म्हणून तसंच ठेवलं होतं. डावं नवं आणि उजवं जुनं असल्याने केबिन आता किंचित उजवीकडे झुकते. ते पुढच्या पासिंगच्या आधी, मे महिन्यातच, बदलायचं ठरलं आहे.